जुन्या लॅपटॉपवर फोटोचे रंग कितपत खरे दिसतात?

लग्नाचा अल्बम छापून आला की एक तक्रार हमखास ऐकू येते: शालूचा लाल रंग अंगावर येतोय. निऱ्या दिसत नाहीत, जरतार दिसत नाही, कमरेपासून खाली नुसता लाल पट्टा. दोष लॅबच्या माथी मारला जातो. पण पुष्कळदा लॅबने आलेली फाइल जशीच्या तशी छापलेली असते. ज्या लॅपटॉपवर फोटो एडिट झाला, त्याची स्क्रीनच लाल रंग फिका दाखवत होती. एडिटरने तो डोळ्यांना बरा वाटेपर्यंत वाढवला आणि स्क्रीनची उणीव उलटी होऊन फाइलमध्ये जाऊन बसली. फाइलमध्ये लाल रंगाचा आकडा एकदा सगळीकडे २५५ झाला की घडीचा उजेडाचा भाग आणि सावलीचा भाग यांत फरकच उरत नाही. मग कितीही चांगला कागद वापरा, निऱ्या परत येत नाहीत.

आज असे लॅपटॉप सर्रास वापरात आहेत. कंपन्यांनी पाच-सात वर्षं वापरून काढलेली मशीन्स रिफर्बिश्ड म्हणून स्वस्तात मिळतात. त्यांत एसएसडी आणि जादा रॅम टाकली की फोटोशॉप किंवा लाइटरूम छान चालतं. नव्याने या धंद्यात उतरणाऱ्या मुलांसाठी तो शहाणपणाचाच सौदा आहे. फक्त ही मशीन्स घडली ती ईमेल आणि एक्सेलसाठी. त्यांच्या स्क्रीनकडून रंगांची अपेक्षा कुणी केलीच नव्हती.

फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, ० ते २५५ मधले. 'लाल २५५' म्हणजे नेमका कोणता लाल, हे ठरवायला मानक लागतं. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये एसआरजीबी नावाचं मानक सुचवलं आणि १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. त्या काळच्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर जे रंग दिसत, त्यांवरच ते बेतलेलं होतं. आजही इंटरनेट, बहुतेक फोटो लॅब आणि साधे कॅमेरे हेच मानक धरून चालतात.

लॅपटॉपच्या स्क्रीनच्या, म्हणजे पॅनेलच्या, माहितीत मात्र बहुधा '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं असतं. एनटीएससी हे अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीचं १९५३ चं मानक. त्याच्या रंगांच्या नकाशावरचं ७२ टक्के क्षेत्र म्हणजे साधारण एसआरजीबीएवढं. म्हणून ४५ टक्क्यांची स्क्रीन एसआरजीबीच्या जेमतेम ६३ टक्के क्षेत्र दाखवू शकते. ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये वर्षानुवर्षं हीच पॅनेल्स बसवली गेली.

याचं कारण पॅनेलच्या मागच्या दिव्यात आहे. एलसीडी स्वतः उजेड देत नाही. मागे दिवा असतो आणि पुढे लाल, हिरव्या, निळ्या रंगांचे बारीक थर, म्हणजे फिल्टर. साध्या पॅनेलमधला पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावर पिवळा उजेड देणाऱ्या फॉस्फरचा लेप असतो आणि निळा अधिक पिवळा मिळून पांढरा भासतो. त्या उजेडात निळ्याचं एक टोकदार शिखर असतं, पुढे हिरव्यापासून लालपर्यंत पसरलेला पिवळा डोंगर, आणि शुद्ध गडद लाल अगदी थोडा. त्यात बॅटरी वाचवायची म्हणून फिल्टरही फिके ठेवतात, म्हणजे कमी दिव्यात जास्त उजेड बाहेर येतो. परिणामी लाल रंग नारिंगीकडे झुकतो, हिरवा पिवळसर होतो आणि गडद निळा आकाशी वाटतो. हळदीचा पिवळा मात्र बऱ्यापैकी साधतो. त्यामुळे हळदीचे फोटो बघून 'स्क्रीन ठीक आहे' असा समज होतो आणि फसगत शालूपाशी होते.

दुसरं दुखणं कोनाचं. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुतेक करून टीएन प्रकारचं पॅनेल असतं. द्रवस्फटिकाचे रेणू पिळासारखे रचून, वीज दिली की तो पीळ सोडवायचा, ही युक्ती १९७० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये शाट आणि हेलफ्रिश या शास्त्रज्ञांनी साधली. पॅनेल स्वस्त आणि चपळ झालं. पण अर्धवट उघडलेले रेणू एका बाजूला तिरके उभे असतात, त्यामुळे वरून बघताना आणि खालून बघताना त्यांच्यातून येणारा प्रकाश वेगवेगळा असतो.

हे घरी बघता येतं. पूर्ण स्क्रीनभर एकसारखा मध्यम करडा रंग उघडा, तिन्ही आकडे १२८ ठेवून. डोकं स्थिर ठेवा आणि झाकण हळूहळू मागे-पुढे करा. टीएन असेल तर करडा रंग एका बाजूला पांढुरका होत जाईल, दुसऱ्या बाजूला काळवंडेल. आता झाकण न हलवता नुसती स्क्रीनची वरची आणि खालची कड निरखा. १५.६ इंची स्क्रीन साधारण १९ सेंटिमीटर उंच असते. ५० सेंटिमीटरवरून पाहिलं तर वरच्या कडेकडे आणि खालच्या कडेकडे जाणाऱ्या नजरेत वीसेक अंशांचा फरक पडतो. म्हणजे एकाच फोटोतला वरचा चेहरा आणि खालचा चेहरा तुम्ही दोन वेगळ्या स्क्रीनवर बघत असता. ग्रुप फोटोत मागची रांग उजळायची की पुढची, हा निर्णय अशा स्क्रीनवर भरवशाने घेता येत नाही.

यावर 'टीएनऐवजी आयपीएस प्रकारचं पॅनेल घ्या' असा सल्ला मिळतो, आणि तो निम्माच खरा आहे. हिताचीने १९९६ मध्ये बाजारात आणलेल्या या रचनेत रेणू पॅनेलच्या पातळीतच फिरतात, उभे राहत नाहीत, म्हणून कोनाचा प्रश्न जवळजवळ सुटतो. पण किती रंग दिसतील हे दिवा आणि फिल्टर ठरवतात, रेणू नव्हे. ४५ टक्क्यांची आयपीएस पॅनेल्सही ढिगाने बनली. कोणत्याही बाजूने बघा, तोच फिका लाल. जुना लॅपटॉप घेताना दुकानदार 'आयपीएस आहे' म्हणाला, तर पुढचा प्रश्न टक्केवारीचा विचारावा. त्याला सांगता आलं नाही तर पॅनेलचा मॉडेल क्रमांक घेऊन डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, शोधावी.

तिसरी अडचण पायऱ्यांची. अशी बरीच पॅनेल्स ६ बिटची असतात: प्रत्येक रंगाच्या ६४ पायऱ्या, एकूण २,६२,१४४ रंग. ८ बिटच्या पॅनेलमध्ये प्रत्येकी २५६ पायऱ्या, म्हणजे १,६७,७७,२१६. मधली तूट भरायला शेजारच्या दोन पायऱ्या भराभर आलटून पालटून दाखवतात आणि डोळा त्यांची सरासरी धरतो. २००७ मध्ये कॅलिफोर्नियात दोन व्यावसायिक फोटोग्राफरनी अ‍ॅपलवर दावा लावला होता. मॅकबुकच्या जाहिरातीत लाखो रंगांची भाषा आहे, पण ते अशा युक्तीने दाखवलेले आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे ते प्रकरण तडजोडीने मिटलं. माझ्या मते फोटोच्या कामात ही तीन दुखण्यांतली सर्वांत सोसण्याजोगी बाब. संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसले तर तोच फोटो दुसऱ्या चांगल्या स्क्रीनवर उघडून पाहावा. तिथे पट्टे नसतील तर दोष स्क्रीनचा आहे, फाइलचा नाही.

आणि मग वय. साधारण २०१० च्या आधीच्या लॅपटॉपमध्ये मागे एलईडी नसून बारीक फ्लोरोसेंट नळी असे. नळीतला पारा हळूहळू काच आणि लेप शोषून घेतात, निळा उजेड देणारा लेप आधी थकतो, आणि स्क्रीन मंद व पिवळट होते. एलईडीही मंदावतो. पॅनेलच्या डेटाशीटमध्ये उजेड निम्म्यावर येईपर्यंतचं आयुष्य बहुधा १०,००० ते १५,००० तास दिलेलं असतं. रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर चार ते सहा वर्षांत ते संपतं. वाईट हे की बदल इतका सावकाश होतो की रोज बघणाऱ्याला कळत नाही. मेंदू समोरच्या सर्वांत उजळ भागालाच पांढरा मानून बाकीचे रंग त्यावरून ठरवतो. म्हणून 'डोळ्यांनी जुळवून घेऊ' हा मार्ग मला पटत नाही. जे उपकरण स्वतःच जुळवून घेतं, त्याने मोजमाप कसं करणार?

मोजायला कलरीमीटर लागतो. मुठीत मावेल एवढं हे यंत्र स्क्रीनवर टेकवायचं, झाकण थोडं मागे झुकवायचं म्हणजे ते नीट बसतं, आणि स्क्रीन अर्धा तास तापू द्यायची. मग प्रोग्रॅम एकामागून एक रंगीत चौकोन दाखवतो आणि यंत्र प्रत्येकाची नोंद घेतं. डिस्प्लेकॅल हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. पॅनेलच्या मागे पांढरा एलईडी आहे की नळी, हे त्यात आधी बरोबर निवडावं लागतं, नाहीतर मोजमापच चुकतं. यातून दोन वेगळी कामं होतात. पहिल्यात ग्राफिक्स कार्डला एक वक्र, म्हणजे कोणता आकडा किती बदलायचा याचा तक्ता, दिला जातो आणि करड्या छटांमधली निळसर किंवा पिवळट झाक निघते. दुसऱ्यात 'या पॅनेलचा लाल प्रत्यक्षात असा आहे' ही नोंद प्रोफाइल नावाच्या फाइलमध्ये जाते. फोटोशॉप, लाइटरूम, गिम्प, डार्कटेबल हे प्रोग्रॅम ती वाचतात आणि पॅनेलला पाठवायचे आकडे त्यानुसार बदलतात. त्वचा, लाकूड, भिंती, झाडांची पानं असे मध्यम रंग पॅनेलच्या आवाक्यात असतात. ते आता खरे दिसू लागतात. फायदा इथेच सर्वांत मोठा आहे.

जे आवाक्याबाहेर आहे ते मात्र बाहेरच राहतं. पॅनेलला जमणारा सर्वांत गडद लाल आला की त्यापुढचे सगळे लाल तिथेच दाटीवाटीने उभे राहतात. कोन सुधारत नाही, पायऱ्या वाढत नाहीत. उलट ६ बिटच्या पॅनेलवर पांढऱ्याची झाक जबरदस्तीने ६५०० केल्व्हिनवर, म्हणजे मानकातल्या पांढऱ्यावर, आणायला गेलं तर एखाद्या रंगाचा वरचा भाग कापावा लागतो आणि पायऱ्या आणखी कमी होतात. मूळ झाक फार दूर नसेल तर ती तशीच ठेवावी, असं मला वाटतं.

शालूच्या बाबतीत म्हणून आकड्यांवर विसंबावं. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे फोटोतले आकडे कसे पसरलेत ते दाखवणाऱ्या आलेखात, लाल रेघ उजव्या भिंतीला चिकटली की तिथेच थांबायचं, स्क्रीनवर रंग कितीही फिका दिसो. माउस शालूच्या उजळ घडीवर नेला आणि लाल २४० च्या आसपास असेल तर पोत शिल्लक आहे. पांढऱ्या धोतरावर किंवा मंडपाच्या पांढऱ्या कापडावर नेला आणि तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर व्हाइट बॅलन्स जुळला आहे. हे आकडे फाइलमधले असल्याने स्क्रीन कितीही जुनी झाली तरी ते बदलत नाहीत.

काम करताना रात्रीचा पिवळा फिल्टर बंद हवा. इंटेल ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये डिस्प्ले पॉवर सेव्हिंग नावाचा पर्याय असतो. बॅटरीवर असताना तो दिवा मंद करून फोटोचा कॉन्ट्रास्ट आपणहून बदलतो, तोही बंद करावा. चार्जर काढला की फोटो वेगळा दिसतो, ही तक्रार बरेचदा इथली असते.

रोजचं पोट याच कामावर असेल तर एसआरजीबीचा जवळजवळ पूर्ण आवाका असलेला २४ इंची आयपीएस मॉनिटर त्याच जुन्या लॅपटॉपला जोडणं हा मला सर्वांत चांगला खर्च वाटतो. फोटो तिकडे, टूल्सचे पट्टे लॅपटॉपवर. पॅनेलच बदलायचं म्हटलं तर आधी जोडणी तपासावी लागते: जुन्या मशीनमध्ये एलव्हीडीएस, नंतरच्यांत ईडीपी, आणि एकाचं पॅनेल दुसऱ्याला बसत नाही. तोवर एवढं करता येईल की हळद, शालू, हिरवा चुडा आणि दोन-तीन चेहरे असलेला एकच फोटो नेहमीच्या लॅबकडून छापून घ्यावा, लॅबच्या बाजूने रंगांत काही बदल न करता, आणि दुपारी खिडकीच्या उजेडात धरून स्क्रीनशेजारी ठेवावा. स्क्रीनचा ब्राइटनेस त्या कागदाच्या पांढऱ्याएवढा होईपर्यंत खाली आणावा आणि मग बघावं, लाल कुठे तुटतो ते.