डिफेन्स मेकॅनिझम आणि सायकोडायनॅमिक थेरपी

जे दुःख, राग, लाज किंवा भीती त्या क्षणी झेपणार नाही त्यापासून मन स्वतःला नकळत वाचवतं, त्या वाचवण्याच्या पद्धतींना डिफेन्स मेकॅनिझम म्हणतात, मराठी पुस्तकांत संरक्षण यंत्रणा. नकळत हा शब्द महत्त्वाचा, कारण आपण हे करतोय याचा पत्ता त्या माणसालाच नसतो, त्यामुळे याला खोटेपणा म्हणणं चूक आहे. बॉसपुढे गप्प बसायचं आणि घरी येऊन मुलांवर ओरडायचं, म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर, हे विस्थापन. स्वतःच्या मनातला राग समोरच्याच्या डोळ्यांत दिसायला लागणं हे प्रक्षेपण. शिवाय दमन (नको ते मनाच्या तळाशी दडपणं), नकार (घडलेलं मान्यच न करणं), तर्कसंगतीकरण (सोयीचं कारण शोधून देणं) वगैरे बरेच प्रकार आहेत.

मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या सिग्मंड फ्रॉइडने बचावाची म्हणजे डिफेन्सची कल्पना १८९४ च्या एका लेखात मांडली. सुरुवातीला सगळा जोर दडपलेलं बाहेर काढण्यावर होता. मग १९३३ मध्ये मनोविश्लेषक विल्हेल्म राइशने पेशंट काय बोलतो याइतकंच तो कसं बोलतो, कसा बसतो याकडे बघायला सांगितलं, आणि १९३६ मध्ये फ्रॉइडची मुलगी अॅना फ्रॉइडने या यंत्रणांची एका पुस्तकात नीट मांडणी केली, तेव्हापासून डिफेन्स हा वाटेतला अडथळा न राहता अभ्यासाचाच विषय झाला.

सायकोडायनॅमिक थेरपीत, म्हणजे मनात नकळत दडलेलं बोलण्यातून समजून घेण्याच्या उपचारात, थेरपिस्ट प्रत्यक्षात काय करतो? साधारण नियम असा की वरून खाली जायचं, आधी डिफेन्स आणि मग त्याच्याखाली काय लपलंय ते. समजा एक माणूस भावाच्या आजारपणाबद्दल बोलतोय, अॅडमिट कधी केलं, कोणत्या तारखेला कोणता रिपोर्ट आला, डॉक्टर काय म्हणाले, सगळं तोंडपाठ, आवाज एकदम सपाट. इथे "तुम्ही दुःख दाबताय" असं थेरपिस्टने थेट सांगितलं तर तो एकतर "नाही हो, मी ठीक आहे" म्हणेल नाहीतर मान डोलावून ही पण एक माहिती म्हणून डोक्यात ठेवून देईल, आणि दोन्हीत हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी थेरपिस्ट म्हणतो, "रिपोर्ट सगळे कळले मला. त्या खोलीत तुम्ही कुठे उभे होतात?" माणूस थांबतो, घड्याळाकडे बघतो आणि विषय बदलतो. ते घड्याळाकडे बघणंच कामाचं असतं. थेरपिस्ट तेवढंच हळूच दाखवून देतो, की खोलीचं विचारलं आणि आपण दुसरीकडे गेलो, तिथे थांबणं अवघड जातंय का? यात आरोप नसतो, कुतूहल असतं, आणि माझ्या मते सगळं कौशल्य या सुरात आहे, कारण तेच वाक्य जरा कडक आवाजात आलं की पेशंटला पकडलं गेल्यासारखं वाटतं आणि दार आणखी घट्ट बंद होतं.

ब्रिटिश मनोविश्लेषक डेव्हिड मलान यांचा त्रिकोण इथे खूप वापरला जातो. एका टोकाला लपलेली भावना, दुसऱ्याला ती वर येईल याची चिंता, तिसऱ्याला डिफेन्स. थेरपिस्ट हे तिन्ही जोडून दाखवतो आणि हेच आई-वडिलांबरोबर, जोडीदाराबरोबर आणि आता या खोलीत थेरपिस्टबरोबरही होतंय का ते बघतो. त्याचबरोबर या सवयीने कधीतरी तुम्हाला वाचवलंय हेही तो मान्य करतो, कारण ज्या घरात रडलं की मार बसायचा तिथे सपाट आवाज ही त्या पोराची हुशारीच होती, फक्त आता मोठेपणी बायको "तुझ्याशी बोलताच येत नाही" म्हणते तेव्हा त्या सवयीची किंमत कळायला लागते.

सगळे डिफेन्स एका पातळीचे नसतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंटने त्यांची अपरिपक्व ते परिपक्व अशी उतरंड लावली, विनोद आणि उदात्तीकरण (न झेपणारी ऊर्मी चांगल्या कामात वळवणं) वरच्या टोकाला. त्यामुळे डिफेन्स संपवून टाकणं हे ध्येय नसतंच, जास्त लवचीक डिफेन्स हाताशी येणं हे असतं, आणि त्याला महिने किंवा वर्षं लागू शकतात. मनोविश्लेषक मेलनी क्लाइनने मांडलेलं स्प्लिटिंग, म्हणजे माणूस एकतर देव नाहीतर राक्षस, जिथे जोरात असतं तिथे थेरपिस्टही आज देव आणि उद्या राक्षस ठरतो, आणि ते सहन करत जागेवर टिकून राहणं हाच उपचाराचा मोठा भाग होतो.

आणि काही वेळा डिफेन्सला हातच लावायचा नसतो. कालच कुणी गेलंय, किंवा माणूस सायकोसिसच्या (वास्तवाशी नातं तुटण्याच्या) काठावर आहे, अशा वेळी उकरत बसणं धोक्याचं असतं. मग थेरपिस्ट उलट आधार देतो, झोप, जेवण, सोबत कोण आहे एवढंच विचारतो, आणि "तो येईल परत" असं पेशंट म्हणाला तर त्या दिवशी ते खोडून काढत नाही.