नव्या कॉम्प्युटरवर प्रोजेक्ट उघडला आणि एररच एरर? कोडला हात लावण्याआधी हे वाचा

आमच्याकडून सोर्स कोडसह सॉफ्टवेअर घेऊन पुढची देखभाल स्वतःच्या माणसाकडून करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. आपल्यापैकी बहुतेकांचं बिलिंग, स्टॉक आणि पगारपत्रक सी शार्प आणि डॉट नेट फ्रेमवर्कमध्ये आहे, म्हणून इथे तेवढंच घेतलंय.

नवा पीसी येतो, जुन्यावरचा फोल्डर पेनड्राइव्हवरून त्यावर जातो, व्हिज्युअल स्टुडिओत (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) बिल्ड दिला, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायला सांगितलं, की खालची एरर लिस्ट लालेलाल होते. मग आम्हाला फोन येतो, "कोड करप्ट झालाय." कोड बहुधा जसाच्या तसा असतो. तो ज्या लायब्ररीच्या भरवशावर लिहिलाय ती फाइल या मशीनवर सापडत नसते, एवढंच. अशी एक डीएलएल (लायब्ररीची फाइल) हरवली की ती जिथे जिथे वापरली आहे तिथे तिथे एरर उमटतो. त्यामुळे आकडा बघून घाबरू नका आणि लाल ओळी एकेक करून कॉमेंट करत तर मुळीच सुटू नका. तसं केलेला प्रोजेक्ट बिल्ड होतो खरा, पण त्यातून बिलाची प्रिंटच निघत नाही.

आधी वॉर्निंग बघा

एरर लिस्टच्या वर एरर आणि वॉर्निंग अशी दोन वेगळी बटणं असतात. वॉर्निंगचं बटण चालू करा आणि एमएसबी ३२४५ हा क्रमांक शोधा. कोणता रेफरन्स (प्रोजेक्टने वापरलेल्या लायब्ररीची नोंद) सापडला नाही ते त्यात नावानिशी लिहिलेलं असतं. सीएस ०२४६ चे ("हे नाव सापडत नाही" असं सांगणारे) ढीगभर एरर जे सांगत नाहीत ते ही एक पिवळी ओळ सांगते. घाईत मात्र सगळे लालच वाचतात. सोल्यूशन एक्सप्लोररमध्ये रेफरन्सेस उघडलंत तर त्याच नावाशेजारी पिवळा त्रिकोण दिसेल.

त्रिकोण असेल तर

प्रोजेक्टची सीएसप्रोज फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि हिंटपाथ शोधा. डीएलएल कुठे आहे ते तिथे लिहिलेलं असतं, आणि पुष्कळदा तो पत्ता आधीच्या प्रोग्रामरच्या डाउनलोड्स फोल्डरचा निघतो! त्याच्या मशीनवर सगळं सुरळीत चालत होतं ते याच कारणाने.

उपाय सोपा आहे. सोल्यूशनच्या (सगळे प्रोजेक्ट एकत्र ठेवणाऱ्या) फोल्डरमध्येच लिब नावाचा फोल्डर करून डीएलएल त्यात ठेवा. जुना रेफरन्स काढून टाका आणि ॲड रेफरन्समधल्या ब्राउझने नवा द्या. रेफरन्सच्या प्रॉपर्टीजमध्ये कॉपी लोकल ट्रू ठेवा, म्हणजे बिल्ड झाल्यावर ती फाइल ईएक्सईच्या शेजारी येऊन बसेल. डीएलएल आणायची कुठून? जुन्या मशीनवरच्या बिन फोल्डरमध्ये ती बहुतेक वेळा मिळते. "फुकट डीएलएल" देणाऱ्या साइटवरून कृपया काही उतरवू नका. आवृत्ती कोणती, आत काय भरलंय, याची हमी कोणीच देत नाही.

नुगेटवरून (लायब्ररींच्या ऑनलाइन भांडारातून) आलेल्या लायब्ररीला हा खटाटोप लागत नाही. इंटरनेट चालू ठेवून सोल्यूशनवर राइट-क्लिक करा आणि रिस्टोअर नुगेट पॅकेजेस निवडा. एक खबरदारी घ्या. जुन्या पद्धतीच्या प्रोजेक्टमध्ये पॅकेजेस फोल्डर सोल्यूशनच्या शेजारी असतो. तुम्ही फक्त आतला प्रोजेक्ट फोल्डर उचलून आणला असेल तर तो वाटेतच राहिलेला असतो. कॉपी करताना सबंध सोल्यूशन आणा.

त्रिकोण नसेल तर

मग बहुधा फाइलच्या वरची यूझिंगची ओळ राहिली आहे. नेमस्पेस म्हणजे क्लासचं आडनाव, आणि यूझिंग म्हणजे आडनाव न घेता नुसत्या नावाने हाक मारायची मुभा. लाल रेघेवर कर्सर ठेवून कंट्रोल आणि टिंब दाबा, व्हिज्युअल स्टुडिओ स्वतःच ती ओळ सुचवतो. त्याने काहीच सुचवलं नाही, तर गोष्ट पुन्हा रेफरन्सवरच येते.

इथे चांगले चांगले फसतात ते कॉन्फिगरेशनमॅनेजर या सेटिंग वाचणाऱ्या क्लासपाशी. वर यूझिंग सिस्टिम डॉट कॉन्फिगरेशन लिहिलेलं असतं, त्या ओळीला एररही नसतो, तरी खाली सीएस ०१०३ ("हे नाव इथे नाही") येतो. कारण त्या नेमस्पेसचा थोडा भाग सिस्टिम डीएलएलमध्ये आहे, पण हा क्लास सिस्टिम डॉट कॉन्फिगरेशन या वेगळ्या डीएलएलमध्ये आहे. तिचा रेफरन्स स्वतंत्र द्यावा लागतो.

वॉर्निंग एमएसबी ३२७४ असेल तर फाइल जागेवर आहे, पण ती तुमच्या प्रोजेक्टपेक्षा वरच्या फ्रेमवर्कसाठी बनलेली आहे. उदाहरणार्थ, लायब्ररी ४.७.२ ची आणि प्रोजेक्ट ४.५ चा. प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये टार्गेट फ्रेमवर्क वाढवा. मात्र काउंटरवर अजून विंडोज एक्सपीचं मशीन असेल तर ४.० च्या पुढे जाता येत नाही. (अशी मशीन अजून आहेत, आम्हाला ठाऊक आहे.)

क्रिस्टल रिपोर्ट्स

बिलं आणि रिपोर्ट छापायच्या या साधनाला वरचा लिब फोल्डरचा उपाय लागू पडत नाही. व्हिज्युअल स्टुडिओ २०१० पासून क्रिस्टल रिपोर्ट्स सोबत येत नाही. प्रोग्रामरच्या मशीनवर एसएपीची डेव्हलपर आवृत्ती आणि बिल छापणाऱ्या मशीनवर तिचा रनटाइम (नुसतं चालवण्यापुरता भाग), असं वेगवेगळं इन्स्टॉल करावं लागतं. व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ हा ६४ बिटचा आहे, त्याआधीचे सगळे ३२ बिटचे. इन्स्टॉलर आपल्या आवृत्तीला चालतो ना, ते बघूनच घ्या.

तरीही अडलं तर

स्क्रीनचा मोबाइलवरून काढलेला फोटो पाठवू नका, त्यात नेमकी कामाची ओळ कापली जाते. आउटपुट विंडोतला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅड फाइलमध्ये द्या. सोबत सीएसप्रोज आणि व्हिज्युअल स्टुडिओची आवृत्ती कळवा. बिन आणि ओबीजे फोल्डर आम्हाला लागत नाहीत. ॲप डॉट कॉन्फिग (सेटिंगची फाइल) मागितली तर ती पाठवण्याआधी कनेक्शन स्ट्रिंगमधला डेटाबेसचा पासवर्ड पुसून टाका.