बाहेरची कात्री, घरची कात्री

१९५१ साली अमेरिकेत दोन चित्रपटांवर गंडांतर आलं. दोन्हींच्या मागे कॅथलिक मंडळींचा रोष होता, पण कात्री धरणारे हात वेगळे होते.

रोबेर्तो रोस्सेलिनीचा ‘द मिरॅकल’ १९५० च्या डिसेंबरपासून न्यूयॉर्कच्या पॅरिस थिएटरात चालू होता. एका गरीब, भाबड्या बाईला वाटेत भेटलेला परका माणूस संत योसेफच (येशूच्या आईचा, मेरीचा पती) वाटतो, अशी त्याची गोष्ट. न्यूयॉर्कचे कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल स्पेलमन यांनी चित्रपटाचा जाहीर निषेध केला, थिएटरसमोर निदर्शनं झाली आणि फेब्रुवारीत राज्याच्या शिक्षण मंडळाने धर्मनिंदेचा ठपका ठेवून परवाना काढून घेतला. वितरक जोसेफ बर्स्टिन कोर्टात गेला. २६ मे १९५२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने कौल दिला आणि चित्रपटाला पहिल्यांदाच अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं घटनात्मक संरक्षण मिळालं.

दुसरा चित्रपट एलिया कझानचा ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’. त्याच्या बाबतीत सरकारला काही करावंच लागलं नाही. हॉलिवूडच्या स्वतःच्या संहिता-कार्यालयाने, म्हणजे निर्मात्यांच्याच नियमावलीप्रमाणे चित्रपट तपासणाऱ्या कार्यालयाने, तो संमतही केला होता. पण ‘लीजन ऑफ डीसन्सी’ ही कॅथलिक संघटना त्याला ‘निषिद्ध’ वर्गात टाकणार अशी कुणकुण लागली आणि वॉर्नर ब्रदर्सने कझानला न विचारता सुमारे चार मिनिटं कापली. कझानने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून आपलं गाऱ्हाणं मांडलं. त्यापलीकडे तो काय करणार? कापणारा खुद्द मालक होता, कायदा मोडलेला नव्हता. ती चार मिनिटं प्रेक्षकांना पुन्हा दिसली १९९३ साली.

सरकारी कात्री जुनी आहे. १९०७ मध्ये शिकागोने वटहुकूम काढून चित्रपट दाखवण्याआधी पोलिसांची परवानगी सक्तीची केली. पुढे पेनसिल्व्हेनिया, ओहायो, कॅन्सस, मेरीलँड, न्यूयॉर्क, व्हर्जिनिया अशी राज्यांची मंडळं उभी राहिली. ही मंडळं तपासणीची फी निर्मात्या-वितरकांकडूनच घेत, म्हणजे कापायचं यांनी आणि पैसे मोजायचे त्यांनी. ओहायोच्या मंडळाला म्युच्युअल फिल्म कंपनीने आव्हान दिलं, तेव्हा १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, चित्रपट दाखवणं हा निव्वळ धंदा आहे, त्याला वृत्तपत्राचं स्वातंत्र्य लागू होत नाही. हा निकाल पुढची ३७ वर्षं टिकला. बर्स्टिनच्या खटल्याने मोडला तो हाच.

कोर्टाचं दार असं बंद झाल्यावर चित्रपट उद्योगाने आपलं आपणच सोवळं पाळायचं ठरवलं. त्यात १९२१-२२ मध्ये हॉलिवूडमधली एकामागून एक लफडी गाजली आणि नवीन सेन्सॉर मंडळांची मागणी जोर धरू लागली. निर्मात्यांनी १९२२ मध्ये संघटना काढली आणि विल हेज यांना त्यांचं पोस्टमास्टर जनरल हे मंत्रिपद सोडायला लावून तिच्या प्रमुखपदी बसवलं. १९२७ मध्ये यादी आली : ११ गोष्टी दाखवायच्याच नाहीत, २५ जपून दाखवायच्या. १९३० मध्ये रीतसर संहिता झाली, पण ती बरीचशी कागदावरच राहिली. ‘लीजन’ने बहिष्काराची हाक दिली तेव्हा, १९३४ मध्ये, जोसेफ ब्रीन यांच्या हाती कार्यालय आलं आणि संहितेला दात फुटले. या कार्यालयाच्या मंजुरीच्या शिक्क्याशिवाय चित्रपट दाखवला तर २५,००० डॉलर दंड. खरी मेख मात्र दंडात नव्हती. मोठ्या स्टुडिओंच्याच मालकीची मोक्याची थिएटरं होती, तेव्हा शिक्का नाही म्हणजे पडदाच नाही.

इथे दोन्ही कात्र्यांमधला फरक लख्ख दिसतो. राज्याचं मंडळ तयार चित्रपट कापायचं आणि त्याची सत्ता राज्याच्या हद्दीपर्यंतच चालायची. ओहायोत कापलेलं दृश्य शेजारच्या राज्यात दिसू शकायचं. ब्रीन यांचं कार्यालय पटकथेवरच बसायचं. जे चित्रित झालंच नाही, ते कुठल्याच राज्यात दिसणार नव्हतं. ब्रीन यांच्या पत्रांत वरचेवर इशारा असे, ‘हे ठेवलंत तर सेन्सॉर मंडळं कापतील.’ म्हणजे सरकारी कात्री घरच्या कात्रीचा बागुलबुवा होती. गोऱ्या-काळ्या वंशांतले प्रेमसंबंध दाखवायचे नाहीत, हा नियमही संहितेने अख्ख्या देशाला लावला. माझ्या मते घरची कात्री जास्त खोल गेली.

काळ्या यादीने तर कमालच केली. १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या संसदेच्या समितीने हॉलिवूडमधल्या कम्युनिस्टांची चौकशी मांडली. दहा जणांनी उत्तरं नाकारली आणि त्यांच्यावर सभागृहाच्या अवमानाचा ठपका आला. तुरुंग सरकारचा, पण पोटावर पाय दिला तो मालकांनी. नोव्हेंबरमध्ये स्टुडिओप्रमुख न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात जमले आणि या दहांना काम देणार नाही, जाणूनबुजून कुणा कम्युनिस्टाला नोकरीवर ठेवणार नाही, असं ठरवून मोकळे झाले. असा कायदा कुठेच नव्हता. पुढे शेकडो लोकांची कामं गेली, तरी अशी काही यादी असल्याचं स्टुडिओ कबूल करत नसत. त्या दहांपैकी डाल्टन ट्रंबोने टोपणनावांनी लिहिणं चालू ठेवलं. १९५७ च्या समारंभात ‘रॉबर्ट रिच’ नावाच्या लेखकाला ऑस्कर जाहीर झालं, तेव्हा ते घ्यायला रिच आला नाही, कारण तो ट्रंबो होता. पडद्यावर त्याचं खरं नाव पुन्हा झळकलं १९६० साली.

घरची कात्री बोथट झाली ती धंद्याचीच मांडणी बदलल्यामुळे. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे स्टुडिओंना थिएटरं विकावी लागली. १९५३ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सने ‘द मून इज ब्लू’ शिक्क्याविना प्रदर्शित केला आणि तो चाललाही. १९६८ च्या नोव्हेंबरमध्ये संहितेची जागा निर्मात्यांच्या संघटनेचे प्रमुख जॅक व्हॅलेंटी यांच्या वयानुसार वर्गवारीने घेतली. ती ऐच्छिक होती, आजही आहे. पण ‘एक्स’ (फक्त मोठ्यांसाठी) वर्गाच्या चित्रपटाची जाहिरात अनेक वृत्तपत्रं छापत नसत आणि पुष्कळ थिएटरं तो लावत नसत, म्हणून दिग्दर्शकांना ‘एक्स’हून सौम्य वर्ग मिळेल इतपत चित्रपट कापून देण्याचं बंधन करारातच घातलं जाऊ लागलं.

राज्यांची सेन्सॉर मंडळं एकेक करून बंद पडली. शेवटचं मेरीलँडचं, १९८१ मध्ये. वर्गवारी ठरवणारं मंडळ अजून चालू आहे. त्यात प्रामुख्याने पालक बसतात, पण बहुतेकांची नावं जाहीर केली जात नाहीत.