गढूळ पाणी पिण्याजोगं कसं करायचं, हे पूर यायच्या आधी शिकून ठेवा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे, आणि त्या दिवसांत मावशीच्या घरी दुसऱ्या मजल्यावर आम्ही नऊ जण अडकलो होतो. खाली गल्लीत छातीएवढं पाणी, घरात पिण्याचे दोन हंडे आणि गच्चीवरच्या टाकीच्या तळाशी राहिलेलं चहासारखं गढूळ पाणी. भीतीपोटी आम्ही प्रत्येक पातेलं पंधरा-वीस मिनिटं खदखदा उकळलं आणि तिसऱ्या दिवशी सिलिंडर संपला. नंतर वाचल्यावर कळलं की पाण्याला खळखळून उकळी फुटली की एक मिनिट पुरतं, फक्त उंच डोंगराळ भागात, म्हणजे २००० मीटरच्या वर, तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. खरं तर ७० अंशांच्या आसपासच रोगजंतू मरायला लागतात, उकळी ही आपल्याला डोळ्यांनी दिसणारी खूण आहे एवढंच. आम्हाला हे माहीत असतं तर तो सिलिंडर कितीतरी जास्त दिवस गेला असता, ही गोष्ट अजून मनातून जात नाही.

पाणी शुद्ध करायला क्रम असतो आणि तो क्रम का आहे हे समजलं की विसरायला होत नाही. आधी निवळायचं, मग गाळायचं, मग जंतू मारायचे.

मावशीने केलं ते पहिलं काम. तुरटीचा खडा हातात धरून तिने बादलीत चार-पाच वेळा फिरवला आणि झाकून ठेवला. मातीचे बारीक कण पाण्यात तरंगत राहतात कारण त्यांच्यावर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना ढकलत राहतात आणि एकत्र येऊन जड होतच नाहीत. तुरटीतल्या अॅल्युमिनियमवर धन भार असतो, तो हे ढकलणं थांबवतो, मग कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे कापसासारखे पुंजके होतात आणि खाली बसतात. एक-दोन तासांनी बघितलं तर तळाला बोटभर गाळ आणि वर नितळ पाणी. बघायला इतकं छान वाटतं की लगेच प्यावंसं वाटतं, आणि इथेच फसायला होतं, कारण नितळ म्हणजे निर्जंतुक नाही.

मग गाळायचं, आणि त्यासाठी जुनी सुती साडी नव्या कापडापेक्षा चांगली. धुवून धुवून तिचे धागे फुलतात आणि मधली भोकं लहान होतात. बांगलादेशात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी गावागावांतल्या बायकांना जुन्या साडीच्या चार किंवा जास्त घड्या करून त्यातून पाणी गाळायला शिकवलं, तेव्हा कॉलराचे पेशंट जवळपास निम्म्याने कमी झाले, हा अभ्यास २००३ मध्ये छापून आला. कॉलराचा जंतू एकटा असला तर कापडातून सहज निसटतो, पण तो बऱ्याचदा पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांना, म्हणजे प्लवकांना, चिकटून असतो आणि ते प्लवक साडीत अडकतात.

शेवटी जंतू मारायचे, उकळून किंवा क्लोरीन टाकून. क्लोरीनच्या थेंबांची, म्हणजे जीवन ड्रॉप किंवा मेडिक्लोरची, बाटली घरात असली तर तिच्यावर लिहिलेलं प्रमाण घ्यायचं, ढवळायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. गढूळ पाण्यात थेट क्लोरीन टाकलं तर ते माती-पालापाचोळ्याशीच झगडून संपतं आणि जंतूंसाठी उरतच नाही, म्हणून तर आधी निवळायचं. अर्ध्या तासानंतर हलका वास यायला हवा, वास आला म्हणजे थोडं क्लोरीन शिल्लक आहे. ग्रामपंचायतीकडून मिळणारी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ओल लागून पडली असेल तर तिची ताकद गेलेली असते. आणि एवढं सगळं करून त्याच हंड्यात कुणी हातासकट पेला बुडवला तर सगळी मेहनत पाण्यात, ओगराळ्यानेच घ्यायचं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. ज्या पुराच्या पाण्यात डिझेल, शेतातली औषधं, कारखान्याचं सांडपाणी मिसळलंय ते उकळूनही पिण्यालायक होत नाही, उलट उकळल्यावर पाणी आटतं आणि विष तेवढंच राहतं. त्यापेक्षा स्वच्छ पातेली गच्चीवर मांडून पावसाचं पाणी धरा, पत्र्यावरून धरत असाल तर पत्रा धुवून निघाल्यानंतरचं. ते पाणी निवळायची गरज नसते, उकळलं की झालं.

एवढं करूनही कुणाला जुलाब लागले तर? १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर-मिठाचं पाणी पेशंटच्या घरच्यांच्याच हातात दिलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. आतड्याच्या पेशींवर एक दार आहे, ते मिठातलं सोडियम आणि साखरेतलं ग्लुकोज जोडीने आले तरच उघडतं आणि त्यांच्यामागून पाणीही आत शिरतं, कॉलरा झाला तरी ते दार चालू असतं. नुसतं पाणी कितीही पाजलं तरी हे होत नाही. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला धोका होतो, म्हणून आधी स्वतः चाखून बघायचं, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर फेकून नवीन करायचं. जुलाब थांबेनात किंवा मूल मलूल पडलं तर दवाखाना गाठायचाच.

आता दर मे महिन्यात आमच्याकडे एक रविवार याच कामाला असतो. भाची अंगणातली माती कालवून बादली गढूळ करते, तुरटी फिरवते, घड्याळ लावते, मावशीची जुनी साडी चौपदरी करून हंड्याच्या तोंडाला बांधते. मागच्या वर्षी तिने स्टीलच्या हंड्यावर आतून एकेक लिटर मोजून ओतत खिळ्याने खुणा केल्या, म्हणजे लाईट नसताना बोटानेही समजेल किती पाण्यात किती थेंब टाकायचे.