तोंड आलंय? ट्यूब उघडण्याआधी एवढं वाचा
(आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी)

‘तोंड आलंय, काहीतरी स्ट्राँग द्या,’ ही मागणी काउंटरवर रोजची. त्यातलेच काहीजण दोन-तीन दिवसांनी अर्धवट पिळलेली ट्यूब घेऊन येतात: गुण नाही आला, बदलून द्या. उघडलेली ट्यूब परत घेता येत नाही. ती पुन्हा कुणाला विकायची? पण आम्ही एक विचारतो, लावता कसं? बहुतेकदा घोळ तिथेच सापडतो.

ओल्या फोडावर जेल लावलं की ते लाळेबरोबर पोटात जातं. वर लगेच चहा घेतला तर उरलंसुरलंही गेलं. आधी जेवून घ्या, चूळ भरा. ओठ किंवा गाल बोटाने बाहेर ओढून धरा आणि कापसाने ती जागा टिपून कोरडी करा. मग मुगाच्या दाण्याएवढं जेल पुरे. थोडं झोंबेल. पुढचा अर्धा तास पाणीसुद्धा नको.

डॉक्टरांनी ट्रायामसिनोलोनची पेस्ट लिहिली असेल तर ती मलमासारखी चोळायची नाही, नुसती दाबून बसवायची. चोळली की ती रवाळ होते आणि चुरा सुटतो. दाबली तर गुळगुळीत पापुद्रा धरते. रात्री झोपताना लावलेली सगळ्यात जास्त टिकते. हे स्टिरॉइड आहे, चिठ्ठीशिवाय मागू नका.

मधे पिवळसर पांढरा, भोवती लाल कडा असा गालाच्या किंवा ओठाच्या आतला, जिभेखालचा लहान फोड साधारण ७ ते १४ दिवसांत आपला आपण भरतो. जेलने ठणका कमी होतो, जेवण जातं. त्यामुळे ‘स्ट्राँग’ मागून फार काही साधत नाही, आणि अँटिबायोटिकचं तर इथे कामच नाही. आजीने सांगितलेला जाईचा पाला खुशाल चघळा, फक्त उघड्या जखमेवर तुरटी रगडू नका. १६ वर्षांखालच्या मुलासाठी जेल हवं असेल तर तसं आधी सांगा. नेहमीच्या बऱ्याच जेलमध्ये सॅलिसिलेट असतं, ते मुलांना चालत नाही.

वारंवार तोंड येत असेल तर ‘पोट साफ नाही’ म्हणून रेचक नेण्यापेक्षा रक्त तपासा: हिमोग्लोबिन, बी-१२, लोह, फॉलिक अॅसिड. बी-कॉम्प्लेक्सची पट्टी आम्ही देतो, पण कमतरता नसेल तर तिचा फारसा उपयोग नाही. टोकदार दात, सैल कवळी, कडक ब्रश हीही नेहमीची कारणं. काहींना टूथपेस्टमधलं फेस आणणारं रसायन (सोडियम लॉरिल सल्फेट) सोसत नाही. ते नसलेली पेस्ट आमच्याकडे असते, किंचित महाग आहे. लहान ट्यूब नेऊन बघा. मऊ ब्रशही आहेत.

‘साध्या जेलला एवढ्या चौकशा कशाला?’ असं काहीजण वैतागून म्हणतात. चालू गोळ्या आम्ही विचारतो त्याला कारण आहे. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर तोंड सोलवटणं हे धोक्याचं लक्षण असू शकतं, आणि तिथे जेल लावत बसणं महागात पडतं. अशांनी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

आणि एकाच जागची जखम तीन आठवडे उलटूनही भरली नाही, कडा टणक लागल्या, तर ती दुखत नसली तरी दाखवायलाच हवी. तंबाखू, मिश्री, गुटखा असेल तर जास्तच. (गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुड्या कुठून येतात हे आम्हाला विचारू नका.) तिखटाचा कणही सोसवत नाही, तोंड पूर्वीइतकं उघडत नाही, तेव्हाही हेच. अशा वेळी आणखी एक ट्यूब मागितलीत तर आम्ही देणार नाही, दातांच्या डॉक्टरांकडे पाठवू. आतापर्यंत काय काय लावलंत ते जुनी बिलं बघून चिठ्ठीवर लिहून देऊ, ती सोबत न्या.