जपमाळेमागचा हिशेब : पार्श्वभूमी

जपमाळ आज श्रद्धेची आणि पंथाची खूण मानली जात असली, तरी मुळात ती मोजण्याचे साधन आहे. जपाची संख्या ठरवून संकल्प सोडायचा आणि मन मात्र मोजण्यात गुंतू द्यायचे नाही, ही अडचण सोडवण्यासाठी ती हातात आली असावी. गुप्तकाळापासूनच्या शिल्पांत ब्रह्मा आणि सरस्वती यांच्या हातात अक्षमाला, म्हणजे जपमाळ, दिसते. चिनी भाषांतरात टिकून राहिलेल्या एका बौद्ध सूत्रात १०८ रिठ्याच्या बिया ओवून त्या सतत जवळ बाळगण्याचा उपदेश एका राजाला केलेला आहे. म्हणजे राज्यकारभाराच्या धबडग्यात सापडलेल्या माणसासाठीचा हा उपाय होता.

१०८ या संख्येचे स्पष्टीकरण प्रत्येक परंपरा आपापल्या परीने देते. २७ नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण हा ज्योतिषाचा हिशेब, तर पंचपरमेष्ठींच्या, म्हणजे पाच प्रकारच्या परमपूज्यांच्या, गुणांची बेरीज हा जैनांचा. एकाच आकड्याला इतकी कारणे मिळतात, त्यावरून आकडा आधीचा आणि कारणे मागाहून जुळवलेली असावीत असे वाटते. व्यवहारात अनेक जण एक माळ म्हणजे शंभरच जप धरतात आणि वरचे आठ चुकलेल्या-विसरलेल्या उच्चारांसाठी सोडून देतात.

माळ ओढण्याची रीत ठरलेली आहे. ती मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढला जातो आणि तर्जनी अलग राहते. दोन मण्यांमध्ये गाठ असेल तर मणी एकमेकांवर घासत नाहीत आणि डोळे मिटलेले असतानाही पुढचा मणी बोटाला नेमका लागतो. मेरुमणी, म्हणजे माळेची सुरुवात-शेवट दाखवणारा वेगळा मणी, आला की तो ओलांडायचा नाही. माळ फिरवून उलट दिशेने पुन्हा सुरुवात करायची. गोमुखीत, म्हणजे माळ झाकणाऱ्या कापडी पिशवीत, हात घालून जप करणाऱ्याला तर माळ संपल्याचे केवळ या मण्याच्या स्पर्शानेच कळते. मनुस्मृतीने मोठ्याने केलेल्या जपाहून ओठांतल्या ओठांत केलेला उपांशु जप आणि त्याहूनही मानस जप श्रेष्ठ ठरवला आहे. जसजसा आवाज कमी होतो तसतसा मोजण्याचा सगळा भार बोटांवर येतो.

नाशिक परिसरात रुद्राक्ष आणि तुळस या दोन्ही माळांच्या परंपरा शेजारी शेजारी नांदतात. सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर, तर वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडावर स्नान करतात आणि गळ्यातल्या माळाही साधारण तशाच विभागलेल्या दिसतात. ही वाटणी मात्र काटेकोर मानता येत नाही. नाथपंथाची दीक्षा मिळालेल्या निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरीच आहे आणि तेथून पंढरपूरला निघणाऱ्या त्यांच्या पालखीबरोबरच्या वारकऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ असते. ही माळ जपापेक्षा आचाराशी अधिक बांधलेली आहे, कारण माळकरी झाला की मांसाहार सुटतो आणि एकादशी लागू होते.

संख्येच्या दृष्टीने मात्र नाशिकजवळच्या टाकळीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. समर्थ रामदासांनी तेथे बारा वर्षे राहून त्रयोदशाक्षरी राममंत्राचा तेरा कोटी जप केला, अशी परंपरा सांगते. मंत्राच्या जितक्या अक्षरांचा तितके लक्ष जप हा पुरश्चरणाचा, म्हणजे संख्या ठरवून केलेल्या मंत्रसाधनेचा, प्रसिद्ध नियम आहे; येथे लक्षाच्या जागी कोटी आहे, इतकेच. बारा वर्षांवर हा आकडा वाटला तर रोजचे सुमारे २९,७०० जप होतात, म्हणजे १०८ मण्यांच्या जवळजवळ २७५ माळा. एका जपाला दीड सेकंद धरला तरी त्याला रोज बारा तासांहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे नदीपात्रात उभे राहून माध्यान्हीपर्यंत केलेल्या जपाचे जे वर्णन सांगितले जाते, तेवढ्यात ही संख्या बसत नाही. उरलेला जप चालता-बोलता, म्हणजे बहुधा माळेवाचूनच, झाला असे धरावे लागते.