थंडीत जन्मलेली पिल्लं जगवताना

कुत्र्यांचा भाद्रपद सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्यापुढचा हिशोब फारसं कुणी करत नाही. कुत्रीचा गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा. म्हणजे भाद्रपदात फळलेली कुत्री कार्तिक-मार्गशीर्षात विते. तेव्हा सांगलीकडे ऊसतोड जोरात चालू असते, वाई-पाचगणीकडे शेकोट्या पेटलेल्या असतात आणि वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे गवतावरचं दव गोठलेलं दिसतं.

मोठ्या कुत्र्याला स्वेटर घालावा का, हे सगळेच विचारतात. आपल्याकडच्या धडधाकट कुत्र्याला त्याची सहसा गरज नसते. अंगावर चरबी नसलेला कारवानी जातीचा कुत्रा किंवा म्हातारं कुत्रं असेल तर रात्री जरूर घाला, पण सकाळी आठवणीने काढा, कारण दुपारी ऊन चांगलंच तापतं. खरा धोका असतो तो पिल्लांना.

मोठ्या कुत्र्याच्या अंगाचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, तर पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं जेमतेम ३५ ते ३७. या वयात पिल्लाला कुडकुडता येत नाही, म्हणजे स्नायू थरथरवून ऊब तयार करण्याची सोयच नसते. त्यात वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा आणि कातडीखाली चरबी नावाला. म्हणून ऊब बाहेरूनच मिळावी लागते.

ओलं पिल्लू तर फारच लवकर गारठतं. अंगावरचं १ ग्रॅम पाणी वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं. ही सगळी उष्णता ३०० ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगातून गेली, तर त्याचं तापमान दोन अंशांहून जास्त उतरेल. पत्र्याच्या शेडमध्ये हेच होतं. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षाही गार पडतो, आतल्या बाजूला दव धरतं आणि पहाटे ते टपटप खाली गळतं. तेव्हा पत्र्याखाली, पिल्लांच्या वर, जुनं पोतं किंवा ताडपत्री ताणून बांधा.

ऊब निसटण्याची दुसरी चोरवाट म्हणजे जमीन. शहाबादी फरशीवर नुसती चादर टाकून भागत नाही. चार विटांवर फळी ठेवा, तिच्यावर गोणपाटाचे दोन-तीन थर आणि सगळ्यात वर जुन्या सुती लुगड्याची घडी. गोणपाट उघडं ठेवू नका, सुटलेला दोरा पिल्लाच्या पायाला किंवा मानेला फास घालतो. उसाचं पाचट फुकट मिळतं आणि ऊबही धरतं, पण पातीची कड कापते. ते पोत्यात भरून, तोंड शिवूनच वापरा. ट्रंकेतून काढलेली वाकळ घालणार असाल, तर डांबरगोळ्यांचा वास पुरता जाईपर्यंत ती धुऊन उन्हात टाका. त्यातल्या नॅप्थलीनने तांबड्या रक्तपेशी फुटतात.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर २९ ते ३२ अंश तापमान हवं. चौथ्या आठवड्यापर्यंत ते हळूहळू २४-२५ वर आणायचं. त्यासाठी ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब पिल्लं ठेवलेल्या खोक्याच्या एका टोकाला, दोन-अडीच फूट उंचीवर टांगा. एलईडीची ऊब पुरत नाही. दुसरं टोक गारच राहू द्या, म्हणजे उकडलं तर पिल्लांना सरकायला जागा राहते. बल्बला जाळी लावा आणि वायर आईच्या तोंडाला लागणार नाही अशी बांधा. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे बघा: एकावर एक चढून ढीग केला असेल तर गारठा आहे, पांगून केकाटत असतील तर उकडतंय. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि पिल्लं खोलीबाहेर जाऊ शकत नाहीत. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून चालेल, पण पाणी निवलं की तीच बाटली उलट ऊब ओढून घेते.

एखादं पिल्लू बाजूला, गार आणि लुळं पडलेलं सापडतं, आणि घरातलं कुणीतरी लगेच दुधाचा ड्रॉपर घेऊन येतं. इथेच बहुतेकांचं चुकतं. अंग ३५ अंशांखाली गेलं की आतड्याची हालचाल मंदावते, दूध पोटात तसंच साचतं, पोट फुगतं. चोखण्याची ताकद नसल्याने ते फुफ्फुसातही उतरतं. म्हणून आधी ऊब, मग दूध. पिल्लू कोरडं करून शर्टाच्या आत पोटाशी धरा, दर पाच-दहा मिनिटांनी कूस बदला. एक-दोन तास लागतात आणि लागू द्यावेत. हेअर ड्रायरने घाई केली तर कातडीतल्या रक्तवाहिन्या एकदम पसरतात आणि रक्तदाब कोसळतो. बोट तोंडात दिल्यावर चोखायला लागलं की आईच्या आचळाला लावा. गाईच्या दुधात कुत्रीच्या दुधाच्या निम्म्याहून कमी प्रथिनं असतात, त्यामुळे त्यावर पिल्लू वाढत नाही. आई पाजतच नसेल तर पिल्लांसाठीची तयार दूध पावडर आणा. तासाभरात अंग तापायला लागलं नाही, तर जनावरांच्या दवाखान्यात न्या. वाटेतही ते कपड्यांच्या आतच असू द्या.

किराणा तोलायचा डिजिटल काटा या दिवसांत फार कामाचा. रोज एकाच वेळी प्रत्येक पिल्लू तोला. दिवसाला ५ ते १० टक्के वाढ हवी, आठ-दहा दिवसांत जन्माचं वजन दुप्पट व्हायला हवं. वजन एक दिवस जागचं हललं नाही, तर त्या पिल्लाला भावंडांना बाजूला करून मागच्या, जास्त दुधाच्या आचळाला लावा.

आईचंही बघा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं. ते तीन-चार वेळा विभागून, कोमट करून द्या. पाण्याचं भांडं खोक्याबाहेर, पण दोन पावलांवरच ठेवा. लांब ठेवलं तर ती पिल्लं सोडून उठत नाही, पाणी कमी पिते आणि दूध आटतं.